चार विहिरींची खाच

विनोदिनीबद्दल लिहायचं तर आधी एक गोष्ट कबूल करायला हवी. तिच्या हातून जी चूक झाली, तिच्यात माझा वाटा होता. ती कधी तसं म्हणाली नाही. उलट मी विषय काढला की ती मलाच गप्प बसवते. म्हणून हे लिहून टाकतोय.

म्हापशात आमचं चार खोल्यांचं ऑफिस आहे. विहिरी, झरे, नदीनाले यांचं पाणी मोजायचं, आकडे जमवायचे आणि त्यांचा अहवाल करून ज्याने मागवला त्याला द्यायचा, हे आमचं काम. मी पेडण्याहून रोज येतो. आकड्यांचा विभाग माझ्याकडे, म्हणजे चुका झाल्या की लोक माझ्याकडे बघतात. तीन-साडेतीन वर्षांपूर्वी साहेबांनी एक बाई कामाला घेतली आणि माझ्या समोरच्या टेबलावर बसवली. वय पंचेचाळीसच्या आसपास, केसांत अबोलीच्या फुलांची फाती, हातात कापडी पिशवी. पिशवीतून तिने आधी डबा काढला, मग आलेखाची वही, मग टोक केलेल्या चार पेन्सिली. मी मनात म्हटलं, झालं, आता हिला माऊस धरायला शिकवायचं मलाच.

तिने मलाच शिकवलं, ते सोडा.

विनोदिनी मूळची सुर्ल्याची, लग्न करून दिली पाळी गावात. लग्नानंतर दहा-बारा वर्षं ती खाणीच्या काट्यावर होती. खनिज भरलेले ट्रक वजनकाट्यावर उभे राहायचे आणि ती खिडकीत बसून वजन टिपायची. नवरा अनंत तेव्हा ट्रक चालवायचा. एकदा त्याचाच ट्रक दोनशे किलोने जड भरला. दोनशे किलो म्हणजे काही नाही, बाकीच्या खिडक्यांतून याहून जड ट्रक सरळ निघून जात. हिने नवऱ्याचा ट्रक मागे पाठवला. त्याची ती फेरी गेली, आणि सगळ्या रांगेसमोर हसं झालं ते वेगळंच. दोन दिवस तो घरी जेवला नाही. ही गोष्ट तीच आम्हाला हसत सांगायची आणि शेवटी म्हणायची, ‘‘आपल्या माणसाचां म्हणान वजन कमी कसां लिवतलंय?’’

खाणी बंद झाल्या तेव्हा काटाही बंद झाला. अनंत शाळेच्या बालरथावर, म्हणजे मुलांच्या बसवर, ड्रायव्हर लागला. ती घरी बसली, मशीनवर ब्लाउज शिवू लागली. मग लॉकडाऊन आलं. मुलगी गौरवी कॉलेजचे तास घरूनच, लॅपटॉपवर करायची. घरात टेबल एकच, त्यामुळे गौरवी एका बाजूला आणि हिची शिवणाची मशीन दुसऱ्या बाजूला. सर पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकवत होते. पोरीला कंटाळा यायचा, आईला यायचा नाही. एक दिवस सर आलेखावर रंगीत चौकोन कसा काढायचा ते दाखवत होते, आणि हिने शिवण थांबवली. डावीकडचा खालचा कोपरा कुठे ते सांगायचं, मग रुंदी, मग उंची, मग आतला रंग, मग काठाचा रंग. सांगितलं की चौकोन तिथेच उमटतो, तेवढाच. ‘‘ब्लाउजचं कापड बेततात तसंच की हे,’’ ती म्हणाली. गौरवी परीक्षेपुरतं शिकली. आई शिकतच राहिली.

आमच्याकडे आली तेव्हा पायथनमध्ये आलेख काढायची मॅटप्लॉटलिब नावाची जी लायब्ररी असते, तिच्यात तिला काढता येत नाही असा आकार नव्हता. चौकोन, वर्तुळ, लंबगोल, हवे तितके कोपरे असलेला पॉलिगॉन. वर्तुळ काढलं आणि आलेखाच्या दोन बाजूंची मापं सारखी नसली, की ते अंड्यासारखं दिसतं. मी सहा महिने तसली अंडी अहवालांत छापत होतो. तिने पहिल्याच आठवड्यात ती सरळ केली, आणि कुणाला सांगितलंही नाही. पॉलिगॉन काढण्याआधी ती आलेखाच्या वहीत पेन्सिलीने कोपरे मांडायची, त्यांना क्रमाने आकडे घालायची आणि बोट फिरवून एकदा फेरी पुरी करायची. क्रम चुकला तर आकार स्वतःलाच पीळ घालतो, म्हणायची.

रंगाच्या बाबतीत तर ती हट्टी होती. रंग किती पातळ ठेवायचा त्याला अल्फा म्हणतात. आम्ही पुरुष मंडळी अल्फा जसा येईल तसा सोडून द्यायचो आणि खालचे ठिपके झाकून जायचे. ती प्रत्येक वेळी रंग पातळ करायची. ‘‘प्रत्येक ठिपको म्हणजे कोणाचां तरी घर, कृष्णनाथबाब,’’ ती मला म्हणाली होती. ‘‘घरार रंग थापूचो नाय. खालचां दिसूक होयां.’’ मी तिला चिडवायचो, की बाय, साहेबांना रंग दिसायला हवा, घरं नकोत. ती हसायची आणि आपल्याला हवं तेच करायची.

मग सुर्ल्याचं काम आलं.

त्या भागातल्या एका बंद खाणीने परत सुरू व्हायचं म्हणून जुन्या खड्ड्यातलं पाणी उपसायला घेतलं होतं. खड्डा उपसला की आजूबाजूच्या विहिरींचं पाणी उतरतं, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण कुणाच्या विहिरीचं किती उतरलं, ते कागदावर यायला हवं होतं. एकसष्ट विहिरी ठरल्या. जानेवारी ते मे, दर पंधरवड्याच्या बुधवारी आमच्या ऑफिसातल्या महेशने जायचं, कठड्यावरून वजन बांधलेली टेप आत सोडायची, आकडा लिहायचा आणि घरच्यांची सही घ्यायची. महेश चंदगडकडचा, कामाला वाघ, पण कुणाच्या घरी पाणीसुद्धा मागणार नाही असा बुजरा. तोवर तिथल्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, सगळ्याच घरांना खाणीचा टँकर मिळत होता. अहवाल आला, की पुढच्या वर्षापासून टँकर फक्त लाल भागात, म्हणजे जिथल्या विहिरी उतरल्या तिथेच. लाल भाग कुठला, ते आमच्या चित्राने ठरणार. म्हणजे विनोदिनीच्या पॉलिगॉनने.

त्या एकसष्टांत एक विहीर तिच्या शेवंती मावशीची होती. विनोदिनीची आई ती लहान असतानाच गेली. वाढवलं या मावशीने. मावशी आता सत्तरी ओलांडलेली, घरात एकटी, मुलगा नोकरीमुळे वास्कोला. मावशीच्या आवारालगत तिच्या भाऊबंदांची आणखी तीन घरं, तीन विहिरी. विनोदिनी दर सोमवारी दुपारी डबा खाऊन झाला की मावशीला फोन करायची. कोकमाची सोलं सुकली का, पाय कसा आहे, भाटातली, म्हणजे बागेतली, फणसाची झाडं यंदा धरली का. आम्हाला सगळ्यांना मावशीचा पाय पाठ झाला होता.

जून संपता संपता तिने पहिला आकार काढला. अकरा कोपरे. जांभ्या मातीचा लाल तिने स्वतः जुळवून घेतला होता, पातळ, खालचे ठिपके स्वच्छ दिसत होते. मावशीचं घर आणि ती तीन घरं लालच्या अगदी मध्ये होती. सगळं ठीक होतं, एक सोडून. भोवतालच्या सगळ्या विहिरी खूप उतरलेल्या, आणि या चार विहिरींत सरासरी पाणी चांगलं कमरेच्या वर.

साहेबांनी विचारलं, ‘‘या चार चांगल्या विहिरी लालमध्ये कशा?’’

‘‘चारय बाजूंनी उतरलां,’’ ती म्हणाली. ‘‘मधीच ह्यां चार घरांचां कसां रवात? पाणी घरां बघून उतरत नाय.’’

तिचं बरोबर होतं. जमिनीखालचं पाणी असं वागत नाही, हे तिला कळत होतं. मलाही कळायला हवं होतं, कारण पंधरवड्याचे सगळे आकडे माझ्याकडे होते आणि मी फक्त सरासरी काढून दिली होती. चार विहिरींचे रकाने नुसते एकदा खालपर्यंत वाचले असते तरी पुरे होतं. पण चहाची वेळ झाली होती, सगळे जमले होते, आणि मला थट्टा सुचली. मी म्हणालो, ‘‘सायबानू, मावशीचां घर आसा थंय. माहेरचो टँकर बंद कसो करतली बाय?’’

सगळे हसले. साहेबसुद्धा. विनोदिनी हसली नाही. तिने कप ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. मला वाटलं, रागावली असेल, उद्या बोलेल. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, की ज्या बाईने नवऱ्याचा ट्रक मागे पाठवला तिच्या बाबतीत ही थट्टा नेमकी कुठे लागेल.

दुपारी तिने नवं चित्र आणून ठेवलं. वहीत पेन्सिलीने कोपरे परत मांडले होते. अकराचे चौदा झाले होते. लाल आकाराला एका बाजूने आत शिरणारी खाच पडली होती आणि त्या खाचेत चार ठिपके, पांढऱ्यावर. ‘‘आकडे म्हणतत तसां केलंय,’’ ती म्हणाली. साहेब खूश झाले. त्या दिवशी सोमवार होता. डबा खाऊन झाल्यावर ती मावशीशी बोलली होती, सोलांबद्दल. विहिरीबद्दल तिने मुद्दाम विचारलं नाही. ऑफिसची गोष्ट माहेरी विचारली तर तो पक्षपात होईल, असं तिला वाटलं. हे तिने मला नंतर सांगितलं.

अहवाल गेला. सह्या झाल्या. जानेवारीपासून टँकर लाल भागात फिरू लागला.

फेब्रुवारीत सुर्ल्याच्या देवळात काल्याचा उत्सव होता. विनोदिनी दोन दिवसांची रजा काढून गेली. परत आली ती सरळ माझ्या टेबलाशी आली, उभ्यानेच. तिचा चेहरा बघून मला वाटलं, कुणीतरी गेलं. मग तिने जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत कितीदा तरी ऐकलंय.

ती पोचली तेव्हा मावशी फाटकात उभी होती. टँकर आला, फाटकासमोरून पुढे गेला आणि वरच्या घराशी थांबला. मावशी त्याच्याकडे बघत राहिली.

‘‘मावशे, टँकर थांबलो नाय?’’

‘‘आता आमका नाय गो येत. तुमच्या बांयक पाणी आसा, म्हणान सांगलां तेंनी. आमची चार घरां कागदार भायर काडल्यानी.’’

विनोदिनी विहिरीपाशी गेली. बांय म्हणजे विहीर, तिकडे तसंच म्हणतात. तळाला चिखल होता आणि त्यात मागच्या पावसाची पानं.

‘‘मगे गेल्या वर्सा इतकां पाणी खंयचां होतां?’’

‘‘टँकराचां,’’ मावशी म्हणाली, जसं काही हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. ‘‘आमी चवगांय टँकराचो पायप सरळ बांयत सोडी. देवाक पाणी बांयचांच लागता. सकाळी न्हावन रशी घेवन ओडूचां आणि देवाक घालूचां. लोकाच्या टाकयेतलां देवाक कसां घालतलंय? बांयत सोडलां काय तां आपल्या बांयचां झालां.’’

टँकर यायचा मंगळवारी आणि शनिवारी. महेश मोजायला जायचा बुधवारी. चिऱ्यांची विहीर, तीन दिवसांत पाणी झिरपून जायचं, पण बुधवारी सकाळी मंगळवारचं पाणी अजून कमरेवर असायचं. बाकीच्या वाड्याने टँकरचं पाणी पिंपांत, टाक्यांत भरलं. या एका कुळाच्या चार घरांनी ते विहिरीत ओतलं. महेशला कुणी सांगितलं नाही, कारण टँकरवाल्याने बजावलं होतं, की पाणी प्यायला दिलंय, विहिरीत सोडता हे वर कळलं तर बंद होईल. आणि महेशने विचारलं नाही. त्याला नंतर मी झापलं, तर तो बिचारा म्हणाला, ‘‘विहिरीत पाणी हाय म्हटल्यावर मी काय विचारू सर?’’ त्याचंही खरंच होतं.

देवाला विहिरीचंच पाणी लागतं, हे विनोदिनीला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी तीच रस्सी ओढायची. विहिरीत टँकरचं पाणी असेल, हे ऑफिसात दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं, ते तिला सुचायला हवं होतं. तिच्या मनाला जे खातं ते हेच.

तिथेच, विहिरीच्या कठड्याला टेकून, तिने मावशीला सांगितलं. ‘‘मावशे, तां कागदावरचां चित्र माज्या हातचां. तुमची घरां मीच भायर काडलंय.’’

मावशीला आधी कळलं नाही. चित्र कसलं, हिचं काम तर कॉम्प्युटरवर. परत सांगावं लागलं. मग मावशी एवढंच म्हणाली, ‘‘दर सोमारा फोन करतंस. सोलां सुकली काय विचारतंस, पाय दुखता काय विचारतंस. बांयचां एक विचारूक काय झालां होतां तुका?’’

एवढं सांगून विनोदिनी साहेबांच्या खोलीकडे वळली.

आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. तिने चिठ्ठी लिहून नेली होती, चूक माझी, असं स्पष्ट, खाली सही. साहेब वाईट माणूस नाही. पण अहवाल स्वीकारला गेला होता, दुरुस्ती आता पुढच्या वार्षिक अहवालातच, म्हणजे टँकर सुरू व्हायचा तर पुढच्या जानेवारीत. मी बाहेर येऊन तिला म्हणालो, ‘‘बाय, त्या दिवशी मी थट्टा केली नसती तर...’’ ती म्हणाली, ‘‘थट्टा तुमची होती. रेघ माझी.’’ आणि पुढे बोलू दिलं नाही. मला फार वाईट वाटलं. तिने मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तो उन्हाळा बाकीच्या तीन घरांनी कसाबसा काढला. घरात पुरुष माणसं होती, गाड्या होत्या, खालच्या वाड्यावरून कॅन भरून आणायचे. मावशी शेजाऱ्यांच्या टाकीवरून कळशी आणायची, पिण्यापुरती. विनोदिनी आणि अनंत रविवारी शाळेला विचारून बालरथ घेऊन पाण्याचे कॅन पोचवायचे. पण विहीर कॅनने भरत नाही. एप्रिलमध्ये कळशी घेऊन पायरी चढताना मावशीचा दुखरा पाय मुरगळला, आणि मुलगा येऊन तिला वास्कोला घेऊन गेला. देव्हाराही सोबत गेला. मागे रिकाम्या घरात देव उपाशी ठेवायचे नाहीत, म्हणून भटजींना बोलावून, देवांना विनवणारं गाऱ्हाणं घालून नेले.

मे महिन्यात महेशने परत मोजणी केली. या वेळी प्रत्येक आकडा मी स्वतः वाचला. तीन विहिरी कोरड्या, टेप चिखलाला लागून वर आली. चौथ्या घराला कुलूप. घरच्यांची सही नसेल तर आकडा धरायचा नाही, असा नियम आहे. त्यामुळे नव्या आलेखावर एकसष्टऐवजी साठच ठिपके आले.

विनोदिनीने वही काढली. पेन्सिलीने कोपरे मांडले, बोट फिरवून फेरी पुरी केली. चौदाचे परत अकरा झाले, खाच बुजली. मावशीचं घर जिथे आहे तिथे नुसता पातळ लाल रंग होता. ती त्या जागेकडे बघत बसली होती, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, ‘‘तीन तरी आसत.’’

या जानेवारीत त्या घरांचा टँकर परत सुरू झाला. लाल भागातल्या सगळ्या आवारांपाशी थांबू लागला, मावशीच्या कुलूपबंद फाटकापाशीसुद्धा. पहिल्या मंगळवारी तिकडच्या भाऊबंदांनी फोन करून कळवलं, तेव्हा विनोदिनीला सोमवारपर्यंत दम धरवला नाही. तिने जागेवरूनच वास्कोला फोन लावला. ऐकायला मावशीला जरा कमी येतं, म्हणून स्पीकरवर. त्यामुळे मीही ऐकलं.

‘‘मावशे, टँकर येवक लागलो. तुज्या दारात थांबता. पायप बांयत सोडूक सांगतंय मी तेंका. तू ये आता घराक. मी आणि हे येतंव तुका न्हेवक.’’

‘‘टँकर येता? बरां झालां गो.’’ मावशीचा आवाज खरंच खूश होता. ‘‘पण माका आता जमाचां नाय, बाये. देव हंय हाडून बसयलेत. गाऱ्हाणां घालून हाडलेत. आता परत उठा म्हणान तेंका कोण सांगतलो? हंय नळाचां पाणी घालतंय तेंका. पयल्यांदा जीव खालीवर जाय, आता सवय झाली. तू जेवलंस मगो?’’

‘‘हय मावशे,’’ विनोदिनी म्हणाली. तिचा डबा टेबलावर तसाच होता, उघडलासुद्धा नव्हता.